सहा मीटर सपाट जागा

बोस्तेरी, इसिक-कुलचा उत्तर किनारा
२ सप्टेंबर

तीर्थस्वरूप शार्शेन मामांना बेरमेतचा आदरपूर्वक सलाम.

तुम्ही, मामी आणि ज्यांची चौकशी माणसांच्या आधी करायला हवी ती जनावरे सुखरूप असावीत. तांबड्या घोडीचा मागचा पाय आणि मामींचा डावा गुडघा आता कसा आहे? (दोन्ही एका वाक्यात विचारल्याबद्दल मामींची क्षमा मागते.) इकडे आम्ही ठीक आहोत. बाबांचे वजन बावन्न किलो आहे. मार्चमध्ये एकाहत्तर होते. बाकी काही नवीन नाही.

फोन न करता पत्र लिहिते आहे, त्याला दोन कारणे आहेत. एक, वरच्या कुरणावर फोन लागण्यासाठी तुम्हाला टेकडी चढावी लागते आणि चढून वर आलेल्या माणसाला बोलायला दम उरत नाही. दोन, या व्हिलात खाजगी बोलता येत नाही. घर आधुनिक आहे, म्हणजे भिंती असायला हव्यात तिथे काचा आहेत. बाबा एका टोकाला खोकले की दुसऱ्या टोकाला पेले वाजतात. म्हणून हे पत्र नारीनच्या बसचालकाच्या हाती देते आहे. त्याने ते उघडून वाचले तर त्यालाही सलाम.

घर का घेतले ते तुम्हाला माहीत आहे. आईच्या वेळी तुम्ही होतात. बिश्केकमधला आठवा मजला, बंद पडलेली लिफ्ट आणि खाली, गाड्या लावायच्या जागेत, कचऱ्याच्या दोन पेट्यांच्या मध्ये, आईला अखेरचे ठेवायला उभारलेले आपले नमद्याचे घर. (पर्यटक ज्याला युर्त म्हणतात आणि ज्यासमोर फोटो काढतात, तेच.) त्याला अगदी चिकटून एक पांढरी गाडी होती, तिचा मालक दोन दिवस सापडला नाही आणि आत बायकांनी विलाप सुरू केला की त्या गाडीचा भोंगा सुरू व्हायचा. मामी थांबायच्या, गाडी थांबायची. मामी सुरू, गाडी सुरू. बाबा रिवाजाप्रमाणे बाहेर काठीवर ओणवे उभे होते. दफन करून आल्यावर ते मला एवढेच म्हणाले, "पोरी, मला इथे ठेवू नकोस. मला जमीन हवी." मी हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट आहे.

मार्चमध्ये डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून यकृताचे सांगितले आणि आत जाऊन बाबांना पित्ताचे सांगितले. आपल्याकडे आजाऱ्याला त्याचा आजार सांगत नाहीत. तो रिवाज मीही पाळला, अजून पाळते आहे. एप्रिलमध्ये मी हा व्हिला घेतला.

मामा, भूकंपात कोणती इमारत टिकेल हे सांगण्याचा मला पगार मिळतो. घर बघायला गेले तेव्हा माझ्याकडे एक्केचाळीस मुद्द्यांची यादी होती. खांब ठोकून पाहिले, भेगा मोजल्या (सर्वांत रुंद भेग ०.२ मिलिमीटर), छतावर पाणी सोडून तासभर खाली उभी राहिले. विकणारा गृहस्थ तोवर बाबांना न्हाणीघर दाखवत होता. तिथल्या शौचकूपाचे झाकण माणूस जवळ गेला की आपोआप उघडते. बाबांनी त्याला सलाम केला आणि म्हणाले, "मी आलो की उठून उभं राहतं. शहरातल्या पोरांपेक्षा बरं वळण आहे याला." आराखड्यात मोकळी जागा एकशे ऐंशी चौरस मीटर लिहिली होती. मी बरोबरची खूण केली आणि सही केली.

राहायला आलो त्या दिवशी बाबांनी चहाचा वाडगा हातात घेऊन घराला एक फेरी मारली.

"काच छान आहे. पाणी छान आहे. घर कुठे उभं करायचं?"

"बाबा, घर उभंच आहे."

"हे नव्हे. आपलं." एवढे बोलून ते चहा पिऊ लागले.

मी टेप घेऊन बाहेर गेले. पुढे पोहण्याचा तलाव, नऊ मीटर बाय चार. त्याच्या दोन्ही अंगांना फरशीच्या पायऱ्या, मागे दगडी बांध, कडेला गाडीचा उतार. नमद्याच्या घराला लागणारे सहा मीटर व्यासाचे सपाट वर्तुळ कुठेही बसत नव्हते. तलाव मोकळ्या जागेत मोजतात हे मला माहीत होते. त्यावर माणसे उभी राहू शकत नाहीत हे सुचले नाही. ज्या एका कारणासाठी घर घेतले, तेवढे सोडून मी सगळे तपासले होते.

तलाव बुजवायचा ठरवला. बाबांना सांगितले की पर्यटकांसाठी नमद्याचे घर उभारून भाड्याने देणार आहे. ते म्हणाले, "दे. त्यांना घोडीचं दूध पाज म्हणजे लवकर जातील."

मिस्त्री मिळाला ताशमात, मूळचा ओशकडचा. या किनाऱ्यावर तीस तलाव त्याने बांधले आहेत, बुजवला एकही नाही. "ताई, लोक तलावासाठी रडतात आणि तुम्ही तो पुरता? नवऱ्याशी भांडण झालंय का?" नवरा नाही असे सांगितल्यावर त्याला सगळे समजल्यासारखे झाले. मी त्याला कागदावर लिहून दिले: तळाला बारा भोके पाडायची म्हणजे पाणी जिरेल, मग दहा-दहा सेंटिमीटरचे थर टाकून प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा. आणि बाबांच्या तपासण्यांसाठी दोन दिवस शहरात गेले.

परत आले तर तलावाच्या जागी हिरवळ होती, कडेने झेंडू होता आणि मधोमध ताशमात होता. "बघा ताई! फुटबॉल खेळा!" दोन दिवसांत कोणी एकोणीस थर ठोकत नाही. मी कागदाचे विचारले. तो म्हणाला, कागद फार सुंदर होता, बायकोला दाखवायला घरी नेला.

९ ऑगस्टला पाऊस झाला. हिरवळ चौतीस सेंटिमीटर खाली बसली, वर पाणी साचले आणि तलाव परत आला, या वेळी झेंडूसकट. दुसऱ्या दिवशी दोन बदके उतरली. बाबा खुर्ची घेऊन काठावर बसले आणि दोन दिवस त्यांना पाव चारत राहिले. एका बदकाला त्यांनी ताशमात नाव दिले. त्या दोन दिवसांत त्यांनी स्वतःही थोडा पाव खाल्ला, म्हणून खोदकाम मी दोन दिवस पुढे ढकलले. कामाच्या नोंदवहीत कारण 'हवामान' असे लिहिले आहे.

मग सगळे उपसून पुन्हा सुरुवात केली. पाचव्या थराला ताशमात धुमस टेकवून घाम पुसत म्हणाला, "ताई, पर्यटक एवढे जड असतात का?" मी त्याला खरे कारण सांगितले. दुसऱ्या दिवशी तो भावाला घेऊन आला आणि उरलेले चौदा थर दोघांनी ठोकले, प्रत्येक थराआधी तोंडातल्या तोंडात दुआ म्हणून. फरशीच्या पायऱ्याही काढून त्याच पातळीत आणल्या. वर वाळूची पोती रचून आठवडाभर ठेवली आणि मोजले: जमीन चार मिलिमीटर बसली. हे उत्तम आहे.

जिन्याचे एक राहिले. बाबांची खोली वर होती, सरोवर दिसावे म्हणून, आणि जिना गोल आहे. मी दोन मीटरची फळी घेऊन वळणावर नेऊन पाहत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"काय चाललंय?"

"सोफा बसतो का बघते."

"वर आणायचाय की खाली न्यायचाय?"

मी दोन्ही म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच उशी उचलली आणि खालच्या खोलीत राहायला आले. गुडघे दुखतात म्हणाले. गुडघ्यांचे त्यांनी आजवर कधी सांगितले नव्हते.

तर असा आमचा उन्हाळा गेला. घर आता मजबूत आहे. मामींना सलाम, घोडीला जपा, थंडीआधी छातीला चरबी चोळत जा.

तुमची भाची,
बेरमेत

ता. क. या महिन्यात तुम्ही कुरणावरून खाली उतराल तेव्हा तुमचे नमद्याचे घर मोडणारच आहात. ते गावी न नेता तसेच ट्रकवर घालून इकडे आणा. खिंडीत बर्फ पडायच्या आत. डॉक्टरांनीही साधारण तीच मुदत सांगितली आहे. बाबांनी विचारले तर पर्यटकांसाठी आणले असे सांगा. कृपा करून चेहरा सरळ ठेवा, तो तुम्हाला ठेवता येत नाही.

ता. क. २. मामींनाही आणा. एकुलती लेक म्हणून आत बसून विलाप मलाच करावा लागणार. आईच्या वेळी मी गप्प बसले होते आणि बायका काय बोलल्या ते मामींनी ऐकले आहे. मी सात-सात अक्षरांच्या बारा ओळी जुळवल्या आहेत, बाबांच्या शिकारीवर, हातावर आणि तुम्ही त्यांना लग्नात दिलेल्या काळ्या घोड्यावर. अक्षरे बरोबर आहेत. आवाज बरोबर नाही. तलावाच्या पंपाची खोली जमिनीखाली तशीच ठेवली आहे, तिथे दार लावून रोज वीस मिनिटे सराव करते. बाबांना यातले काही कळता कामा नये.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी हे लिहिणे भाग आहे. पंपाच्या खोलीतून एक जुना पाइप खालच्या न्हाणीघरात जातो. तो मी आराखड्यात पाहिला होता आणि विसरले होते. आज सराव करताना सातव्या ओळीला पाइपातून बाबांचा आवाज आला, "बेरमेत, घोडा काळा नव्हता, करडा होता." थोड्या वेळाने पुन्हा आला, "आणि शार्शेनला लिही, नमद्याला कसर लागली असेल तर झटकून आण म्हणावं. मला शिंका येतात." त्यानंतर शौचकूपाचे ते झाकण उघडल्याचा आवाज आला.

तेव्हा त्यांच्याशी पर्यटकांबद्दल खोटे बोलण्याची गरज उरलेली नाही. फक्त मला लगेच कळवा, टेकडीवर चढून फोन करा: घोडा करडा होता की काळा? घोड्यांच्या बाबतीत बाबा वाढवून सांगतात, तुम्हाला माहीत आहे. ओळ चुकीची राहायला नको. ती नंतर दुरुस्त करता येणार नाही.