गोळ्यांचा डबा कापराला

सोमवार, २० जुलै १९५३
सकाळपासून झड. पुडीतला कापूर अर्धा उडून गेला, आरतीला पुरेना. हिवतापाच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा घट्ट झाकणाचा. गोळ्या कागदात बांधून फडताळात ठेवल्या, डबा घासून कापराला घेतला. नवा घ्यायला नको. हे नदीपलीकडे लाकडाच्या डेपोवर. पूर उतरेस्तोवर येणं नाही.

सोमवार, २७
दुपारी कुसुमला हुडहुडी. घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. मग ताप, मग घाम. हिवतापच. पुडी सोडली तर कागद गोळ्यांना चिकटलेला, गोळ्या एकमेकींना. सगळा मिळून एक लगदा. वर बुरशी. पांडुरंगा!

मंगळवार, २८
ताप नाही. पोर खेळतेय. शेजारच्या नाकेदारीणबाईंना लगदा दाखवला. म्हणाल्या, "वा वो बाई! देवाचा कापूर झाकला अन् पोरीचं औषध उघडं टाकलं!" यातलं एका गोळीएवढं किती? कमी पडलं तर ताप राहायचा, जास्त झालं तर कान बधिर होतात. गोळ्या देताना कंपाउंडरनं बजावून सांगितलं होतं. झाकण घट्ट ठेवायचंही.

बुधवार, २९
कुसुमला पुन्हा हीव भरलं, सोमवारपेक्षा जोरात. सुरीनं थोडं खरवडून मधात चाटवलं. सगळं ओकली. आता धीर नाही. यांच्या हाताखालच्या फॉरेस्ट गार्ड लालसूला विचारलं, पलीकडे यांच्याकडून गोळ्या आणता येतील का.
"पुरात डोंगा नाई चालत, बाई. तुंबा बांधून पोहत जातो."
त्याची बायको दारात उभी, नदीकडे बघत. नको जाऊस, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

गुरुवार, ३०
लालसू नाही. पाणी चढलंय. त्याची बायको परत परत काठावर जाऊन येते. माळ घेतली, पण मन...

शुक्रवार, ३१
कुसुम मला ओळखेना. "बाबा, दार उघडा" एवढंच.
तिसऱ्या प्रहरी लालसू आला. थरथरत होता. गळ्यातला वाळक्या भोपळ्याचा तुंबा सोडला. तोंडात लाकडी बूच, वरून राळ.
"सायबानं सोता बंद केला. मी सारा भिजलो, तुमचं औषध नाई भिजलं."
आत काचेची बाटली, कापूस, त्याखाली गोळ्या. कोरड्या, सुट्या. देवापुढे ठेवायला थांबले नाही. ताप जरा उतरताच एक दिली. पोटात राहिली. बूच लगेच लावलं.

शनिवार, १ ऑगस्ट
लालसूला हुडहुडी. त्याची बायको आली, प्रथमच बोलली, "त्याले बी देशीन का, बाई?"
देईन का म्हणून विचारते! ओंजळ पुढे केली होती तिनं. बाहेर धो धो. हातावर दिली असती तर झोपडीपर्यंत विरघळली असती. बाटली पदराखाली धरून मीच गेले. गोळी गिळून लालसू डोळे मिटूनच म्हणाला, "बूच लावा, बाई."
कुसुमनं पेज मागून घेतली. ताप एक दिवसाआड येतो, उद्या दुपारी तिची पाळी. गोळी लागू पडली का, तेव्हाच कळेल.