रविवारचं शून्य

प्रिय ताई,

बाबांच्या पायाच्या जखमेला पट्टी करायला येणाऱ्या सिस्टरविरुद्धच्या तक्रारीचा कागद तुझ्याकडे सहीला आला असेल. सही केली नसलीस तर आधी हे वाच. फोनवर तू रडायला लागतेस, मग मी हवापाण्याचं काहीतरी बोलून सुटका करून घेतो.

बाबांचं तेरावं करून तू परत गेल्यावर त्यांची खोली आवरली. खाटेखाली कापसाची दोन न उघडलेली पुडकी निघाली, ती तिथेच ठेवली. जेवण जात नाही. ऑफिसात मात्र जातो, घरी बसवत नाही म्हणून.

माझं काम काय, हे तुला कधी कळलं नाही. तू मला बटणदाब्या म्हणायचीस. घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरना फेऱ्यांची यादी आमचा प्रोग्राम काढून देतो, आणि तो मी लिहिलाय. पूर्वी त्यात वारांची नावं असायची. दोन महिन्यांपूर्वी मी शहाणपणा केला, वारांना आकडे दिले. आमच्यात मोजणी शून्यापासून होते. रविवार शून्य, सोमवार एक, असं शनिवार सहापर्यंत. त्याच प्रोग्राममध्ये मीच मागे कधीतरी लिहून ठेवलं होतं की वाराचा रकाना रिकामा असला तर तो पेशंट यादीतून वगळायचा. मशीनने शून्यालाही रिकामंच धरलं. मी बुधवारचा एक पेशंट घालून तपासलं, चोख निघालं, आणि हात झटकून मोकळा झालो.

रविवारी कुणाचीच फेरी नसते. फक्त बाबांची होती, कारण पट्टी बदलताना आपलं माणूस जवळ असावं म्हणून मीच साहेबांच्या मागे लागून तो वार मागून घेतला होता. नेमके आकडे दिल्यानंतरचे तीन रविवार मी ऑफिसात मान मोडून काम करत बसलो. सिस्टरना यादी कोरी मिळाली. त्यांना वाटलं, जखम भरली असेल. तिकडे पायातलं विष अंगभर पसरत होतं.

दवाखान्यात तू सिस्टरना वाट्टेल ते बोललीस, त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मी तुझ्या शेजारी उभा राहून तुला दुजोरा दिला. मला आदल्याच दिवशी चूक सापडली होती, ताई. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी उघड्या डोळ्यांनी होऊ दिलं. मंगळवारी तक्रारीचा निकाल आहे, त्यांची नोकरी जाईल. उद्या साहेबांना सगळं लेखी देतोय, मग माझं काय व्हायचं ते होवो.

पण तेवढ्यासाठी फोनही चालला असता. तिसऱ्या रविवारी बाबांनी मला फोन केला होता. म्हणाले, आजपण कुणी आलं नाही रे. मी यादी उघडली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. मी म्हणालो, बाबा, तुमचा वार बदललाय, तुम्हाला कळवलं असणार, तुम्हीच विसरलात. ते म्हणाले, असेल बाबा, कामात उगाच त्रास दिला तुला. शेवटी शेवटी बाबांना काही आठवत नव्हतं, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेस. ते मीच तुझ्या डोक्यात भरवलं. त्यांना सगळं नीट आठवत होतं. त्यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला.

तुझाच,
शेंडेफळ