निवडीत चेंडू नव्हता

चि. सौ. शामला हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि जावईबापूंची रात्रपाळी सुटली असेल, असं धरून चालतो. आमच्याकडे माझं डोकं सोडून सगळं थंड आहे.

आपल्या मयुराच्या पायात फुटबॉल कसा राहतो ते तू पाहिलंच आहेस. महाल भागातल्या गल्लीत उभ्या स्कुटरींमधून नेते, पण कोणाच्या आरशाला धक्का नाही. या पोरीला प्रताप नगरच्या क्लबाने बारा वर्षांखालच्या टीममधून काढलं! जितेंद्र नावाचे कोच आहेत (शिट्टी उत्तम वाजवतात). त्यांनी पोरांना भिंतीला टेकवून उंची मोजली, मैदानाभोवती पळवलं, उड्या मारायला लावल्या आणि निवड संपली. फुटबॉल शेवटपर्यंत त्यांच्या गाडीच्या डिक्कीत होता. मी विचारलं तर म्हणाले, "काकाजी, बॉल तं कोणीबी शिकते. दम पाह्यजे, दम!" अगं, शंकरपटाच्या शर्यतीचे बैल निवडतानासुद्धा लोक निदान गाडी जुंपून पाहतात.

मग मॅच झाली. निवडलेले सगळे उंचेपुरे, एकाला तर मिसरूड फुटलेलं (बारा वर्षांखालचा म्हणे). धावले मात्र जबरदस्त! चेंडूच्या आधी पोचायचे, आणि चेंडू आला की त्याचं काय करायचं ते ठाऊक नसल्यामुळे तसेच पुढे निघून जायचे. समोरच्या टीममधली चिल्लीपिल्ली पोरं जागच्या जागी उभी राहून एकमेकांना पास देत होती. इतके गोल झाले की आमचे लोक मोजायचं सोडून तर्री-पोहे खायला गेले. हरल्यावर कोचसाहेबांनी निदान काय केलं? दम कमी पडला! आता पोरं आणखी पळतात.

मयुरा त्या दिवशी बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या भरत होती. तेव्हापासून ती चेंडूला शिवत नाही. दाराच्या चौकटीला लोंबकळते आणि विचारते, "आजोबा, रविवारपर्यंत माणूस किती वाढते?" मला फार वाईट वाटतं गं. मी तिला बजावून सांगितलं की उंचीत काही नसतं, खेळ पायात असतो, आणि उंची पाहणारे लोक अडाणी असतात.

तुझा दादा,
मारोतराव

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. रविवारी परत निवड आहे. तुझा विक्की उन्हाळ्यात माझ्या खांद्याला होता, दिवाळीत डोक्यावरून गेला. त्याला काय खाऊ घातलंस ते लगेच फोन करून सांग.

दुसरा ता. क. : फोन मयुरा शाळेत असताना कर.