गोंधळ्याची अक्कल

तुळजापूर, मंगळवार, दिवेलागण

किळस आली आज. फासे टाकून, एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायच्या आमच्या खेळात गाऊन जादू करणारा बार्ड असतो. खेळ चालवणाऱ्या सुमितनं त्याचा नवा प्रकार काढला, गोंधळी. संबळ वाजला की राक्षस गपगार. आणि अकलेचे गुण? सगळ्या पात्रांत कमी! म्हणे, "त्यांच्या अंगात येतं ना, म्हणून." मी, गोंधळ्याची पोरगी, समोर बसलेली असताना! माझ्या आप्पांना रात्रभराची आख्यानं तोंडपाठ आहेत, आणि अक्कल कमी?

वर खेळासाठी संबळ रेकॉर्ड करायला आमच्याच घरी आला. आप्पांनी हौसेनं वाजवून दाखवला, मग विचारलं, "तुमच्या खेळात आमचा गोंधळी हुशार हाय ना?"

"लई हुशार, काका."

आप्पांचा चेहरा असा खुलला की खरं सांगायचं सोडून मी चहा ठेवायला उठले.

"चहात साखर जास्त घाल गं पाहुण्याच्या," आप्पा म्हणाले.

घातली.