पाइक हार्बरची हुर्यो

५ नोव्हेंबर २०१६, शनिवार

पोचले एकदाची! विनिपेगहून निघताना आई म्हणाली होती, सरोवराकाठच्या त्या गावात दोन अस्वलं आणि एक चर्च याखेरीज काही नसेल. आई साफ चुकली. पाइक हार्बरमध्ये जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे आणि आजपासून मी तिथं नोकरीला आहे.

मालक वेंडेल कास्क साठीचा आहे. पांढरी दाढी, सिगारेटनं पिवळी पडलेली बोटं, बोलणं हळू. दुकानावरची खोली त्यानं मला राहायला दिली. खिडकीतून बंदर दिसतं, धान्याची उंच कोठारं दिसतात. शेजारी रोंडाची बेकरी. मी पेट्या वर चढवत होते तर ती आपणहून बटर टार्टचा, लोण्या-साखरेच्या गोड वाट्यांचा, डबा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, किती गं वाळलेली तू! आर्नी म्हणून एक धिप्पाड माणूस आहे, तो गावातला बर्फ उपसणारा ट्रक चालवतो. थंडीत गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून वायर कुठं जोडायची ते त्यानं दाखवलं.

आणि दुकानात काय काय आहे! नव्वदीच्या दशकातलं आपलं कॅनडातलं रॉक, अमेरिकनांच्या गर्दीत रेडिओवर कुठंतरी कोपऱ्यात वाजायचं ते. मी त्यावरच वाढले. दर शनिवारी दुपारी इथं वाद रंगतो म्हणे, कुठला बँड थोर आणि कुठलं गाणं थोर. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालंय माझं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

आज वाद पाहिला. लोक रेकॉर्डच्या खोक्यांवर बसले होते, हातात कॉफीचे कागदी पेले. आर्नीनं व्हँकुव्हरच्या बँडांची सालटी काढली. म्हणाला, "तिकडं नुसता पाऊस. थंडी ठाऊक नाही, ते काय डोंबलाचं दुःख गाणार?" रोंडा लगेच उसळली, "तू तर सहा महिने थंडीत रडतोस. तुझं एक तरी गाणं आलंय का रे?" सगळे खो-खो हसले. मग मॉन्ट्रियलवाले अर्धं फ्रेंचमध्ये गातात, त्यांना मोजायचं की नाही, यावर दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. मला फार मजा वाटली.

शेवटी गाडी टिन लँटर्नवर आली. हा या गावचा बँड. यांची एकच रेकॉर्ड आहे, चौऱ्याण्णव साली इथल्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या हॉलमध्ये, लोकांसमोर वाजवताना केलेली. त्याच हिवाळ्यात त्यांची व्हॅन गोठलेल्या सरोवराचा बर्फ फुटून खाली गेली. चौघेही गेले. तेव्हापासून शनिवारचा निकाल एकच लागतो.

वेंडेलनं मला माझं मत विचारलं. मी खरं ते सांगितलं. टिन लँटर्न चांगलेच आहेत, पण हॅलिफॅक्सच्या फॉग सिस्टर्स त्यांच्यापेक्षा कितीतरी वर.

आता आरडाओरडा होईल, असं वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. रोंडानं पेल्यावर झाकण लावलं. आर्नी अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पुन्हा म्हण बघू." मी पुन्हा म्हटलं. वेंडेल हसला. माझ्याआधी इथं क्लेटन नावाचा मुलगा कामाला होता म्हणे, तोही असंच म्हणायचा.

१६ नोव्हेंबर

रोंडा म्हणाली, पाव संपला. तिच्या मागची फळी भरलेली होती. मी बोट दाखवलं, तर म्हणाली, तो गावासाठी आहे.

आर्नीनं रस्ता साफ केला आणि सगळा बर्फ माझ्या गाडीवर लोटला. फक्त माझ्याच. पोस्टातल्या माणसानं विचारलं, तुझं आवडतं गाणं कुठलं? उत्तराची वाट न पाहता त्यानं खिडकी खाली ओढली.

वेंडेलला म्हटलं, अहो, गाण्याबजावण्याची तर गोष्ट. तो म्हणाला, गाण्याचीच आहे.

१९ नोव्हेंबर, शनिवार

शरण जायचं ठरवलं. सगळ्यांसमोर म्हटलं, मी नीट ऐकलं, माझं चुकलं, टिन लँटर्नच पहिले. स्वतःची लाज वाटली, पण रोज शिळं खाऊन कंटाळले होते.

रोंडा माझ्या तोंडाजवळ आली. "पोटात एक नि ओठात एक. मेलेल्यांशी तरी खोटं बोलू नकोस."

मग वेंडेलनं ती रेकॉर्ड लावली. दुसरं गाणं संपलं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात रेकॉर्डवरच्या गर्दीतून एक तरुण आवाज ओरडला, फॉग सिस्टर्स! आणि साऱ्या हॉलनं त्याची हुर्यो उडवली. किती वेळ! त्यात राग नव्हता, आनंद होता. दुकानातले लोकही सूर मिळवून हुर्यो करत होते, डोळे मिटून, चर्चमध्ये गातात तसे.

मी विचारलं, कोण हा शूर? आर्नी म्हणाला, क्लेटन.

मी हसले. म्हटलं, ही रेकॉर्ड चौऱ्याण्णवची आहे. क्लेटन तेव्हा केवढा होता?

वेंडेल म्हणाला, "रांगत असेल."



२२ नोव्हेंबर

पोलीस चौकीत गेले. क्लेटनचं काय झालं, विचारलं. शिपाई म्हणाला, गाव सोडून गेला. कुठं गेला, ते त्यानं सांगितलं नाही. मग पेन खाली ठेवून त्यानं विचारलं, "तुझं आवडतं गाणं कुठलं?"

परत आले तर गाडीची चारही चाकं बसलेली. महामार्ग बंद आहे. आर्नीनं त्यावरचा बर्फ उपसलाच नाही. आईला फोन लावला, तर नुसती खरखर, आणि खरखरीच्या मागे टाळ्या.

२४ नोव्हेंबर

वेंडेल गावातल्या दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. भर सकाळी, एकटीनं रेकॉर्ड लावली. माझी खात्री होती की ही कसलीतरी चलाखी आहे. कुणीतरी नंतर आवाज भरला असेल.

दुसरं गाणं संपलं. टाळ्या. तोच मुलगा.

तो फॉग सिस्टर्स म्हणाला नाही. लारिसा म्हणाला. माझं नाव. लारिसा, निघ इथून.

मग हुर्यो. त्याचं पुढचं ऐकू आलं नाही. कुणीतरी त्याचं तोंड दाबत होतं.

सुई उचलली. हुर्यो थोडा वेळ चालूच राहिली.

२५ नोव्हेंबर

चालत निघाले. गुडघाभर बर्फ. गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही कडेला गाड्या उभ्या, काचा खाली केलेल्या, प्रत्येक गाडीत टिन लँटर्नचं तेच गाणं. कुणी अडवलं नाही. नुसतं बघत होते. वळणावर आर्नीचा ट्रक आडवा लावलेला. रोंडा वर बसलेली, मांडीवर टार्टचा डबा. म्हणाली, "घरी जा पोरी, गारठशील. उद्या शनिवार आहे."

हात वळत नाहीत. एवढंच लिहिते.

२६ नोव्हेंबर, दुपार

फोडली. हातोड्यानं. तुकडे तुकडे केले.

घाव घालण्याआधी सुई ठेवली होती— क्लेटनला सांगायचं होतं. तो म्हणाला, फोड. त्याच्यामागे दुसरे आवाज म्हणाले, नको, नको, आम्ही इथंच आहोत— बायकांचे, एका म्हाताऱ्याचा. किती जण आहेत आत?

तरी फोडली.

वेंडेल दारात उभा होता. रागावला नाही. म्हणाला, "अगं, गावात घराघरात एक आहे."

नंतर

खोलीत आहे. दाराला कपाट लावलंय. सगळ्या घरांतून एकदम सुरू केलीय. बेकरीतून. चर्चमधून. पहिलं गाणं.

खाली माणसं जमलीत. वर येत नाहीत. त्यांना यायची गरजच—

नंतर

खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा. आवाज मागून येतोय, खोलीतून. बिअरचा वास. ओल्या कोटांचा वास. भिंत होती तिथं पाठी आहेत. माणसांच्या पाठी, खांद्याला खांदे—

दूर मंचावर दिवे. चौघेजण वाजवताहेत. त्यांच्या कपड्यांतून पाणी गळतंय.

गर्दीतला एकजण वळला. पोरगाच आहे, ओठ फुटलेला. क्लेटन. माझ्या हातातली वही बघून रडायला लागला. कानात म्हणाला, गाणं चालू असेतो या गर्दीचं लक्ष तिकडे असतं. तेवढाच वेळ असतो. लिहायचं ते लिहून घे.

हे दुसरं गाणं आहे. चांगलं आहे. खरंच चांग

टाळ्या—