आईला उचलण्याचा व्यायाम

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हे शब्द आजवर प्रत्येक पत्रात सवयीने लिहीत आलो. या खेपेला तो खरोखर घालून, उठून, धाप ओसरल्यावर लिहायला बसलो आहे. कारण पुढे येईलच.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमची झोप? मुले ठीकच असतील. ठीक नसती तर त्यांनी फोन केला असता. इकडे देवाच्या कृपेने बहुतेक सगळे खुशाल आहे, आणि जेवढे नाही तेवढ्याविषयीच हे पत्र आहे.

त्या गुरुवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे अंघोळ करून, देवापुढे बसून उठलो आणि आईच्या खोलीत गेलो. तिला पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवायचे, हे तिच्या खुब्याच्या ऑपरेशनपासूनचे माझे पहिले काम. मला ते पूजेचाच उरलेला भाग वाटते, म्हणून सकाळी मी ते दुसऱ्या कुणाला करू देत नाही. त्या दिवशी काय झाले कोण जाणे. तिच्या पाठीखाली हात घातला, उचलली, वळलो, आणि निम्म्या वाटेत माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. पडलो म्हणता येणार नाही. दोघेही सावकाश, भिंतीला टेकवलेले पोते घसरावे तसे, फरशीवर येऊन बसलो. आईला कुठेही लागले नाही. तिने इकडेतिकडे पाहिले, वाकून पलंगाखाली नजर टाकली आणि म्हणाली, "केवढी धूळ आहे रे इथे! आणि तू रोज सांगतोस, घर चकाचक आहे म्हणून."

ही गोष्ट तुमच्या कानावर घालायची नाही असे मी ठरवले होते. आईने ती त्याच दुपारी फोनवरून घातली. लगेच तुमचा निरोप आला, की पुढच्या महिनाअखेरीस गाडी पाठवतो, आई आता कायमची आमच्याकडे राहील, इथे लिफ्ट आहे, मदतीला बाई आहे, आणि तुझेही आता वय झाले. दादा, तुम्ही माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, त्यामुळे शेवटचे वाक्य ऐकून मी फोन हातात घेऊनच आरशात पाहून आलो. तुम्हाला मी जन्मात कधी 'नाही' म्हटलेले नाही. (तुम्हाला आखूड झालेला तो चौकटीचा कोटसुद्धा मी 'बरं' म्हणून घेतला आणि लग्नात घातला. फोटो बघून अजून लोक विचारतात.) तेव्हाही 'बरं' म्हणालो. पण आई या घरातून गेली तर सकाळी अंघोळीनंतर मी जायचे कुठे, हे मला समजेना. म्हणून देवाजवळ एवढेच मागितले, की गाडी येण्याआधी तिला एकट्याने उचलण्याइतके बळ दे, म्हणजे दादांना आपोआपच कळेल. (तोवर सकाळी पायांकडून मुलगी हात लावत असे.) देवाने ऐकले. फक्त त्याने एकदम दोन गुरू पाठवले आणि त्या दोघांचे आपसांत पटेना.

पहिली गुरू घरातलीच, म्हणजे तुमची पुतणी. ती लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये ज्या वर्गाला जाते त्याला हाय-इंटेन्सिटी म्हणतात. त्याचा अर्थ असा, की चाळीस सेकंद मागे कुत्रा लागल्यासारखे नाचायचे. मग वीस सेकंद कुत्रा थांबतो. मग पुन्हा येतो. असे केल्याने पाऊण तासाचे काम पंधरा मिनिटांत होते, चरबी झडते आणि काळीज घोड्याचे होते, असे तिथल्या बाई सांगतात. (बाई चांगल्या आहेत, पण त्या बोलतात तेव्हा समोरचा माणूस रस्त्याच्या पलीकडे उभा असावा असे वाटते.) त्यातला एक प्रकार मला फार ओळखीचा वाटला. उभे राहायचे, खाली वाकायचे, जमिनीवर पालथे पडायचे, उठायचे आणि उडी मारायची. उडी सोडली तर हा आपला साष्टांग नमस्कारच! आता पालथा पडल्यावर मनात नाव न घेता उठणे मला लहानपणापासून जमलेले नाही. नाव घ्यायचे तर ते घाईने कसे घेणार? त्यामुळे सगळा वर्ग उडी मारून पुढच्या प्रकाराला लागलेला असायचा आणि मी अजून जमिनीवर हात जोडून. बाई ओरडायच्या, "काका, देव नंतर! आधी उडी!" तिसऱ्या आठवड्यात एकदा दम इतका लागला की पालथा पडल्यावर फार बरे वाटले. फरशी गार होती, खालून इस्त्रीच्या कपड्यांचा उबदार वास येत होता, आणि मन असे काही लागले की सांगता सोय नाही. मी उठलोच नाही. लोकांना वाटले, आटोपले. एकाने छातीवर दाबायला मला उलटे केले, एकीने तोंडावर पाण्याची बाटली रिकामी केली, आणि मुलगी कोपऱ्यात उभी राहून, हा माणूस आपल्या ओळखीचा नाही असा चेहरा करून रडत होती. घरी येताना तिने अट घातली, की बाबा, यापुढे हे घरीच करा. तरीही खोटे कशाला बोलू? त्या उड्यांनी आमचे तीन जिने मी मध्ये न थांबता चढू लागलो. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर बूट बांधण्याच्या निमित्ताने थांबावे लागे, आणि माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

दुसरा गुरू माझा मेहुणा. तो पंधरा वर्षे लोखंड उचलतो आहे आणि उड्या मारणाऱ्यांना बेडूक म्हणतो. त्याचा मुद्दा मात्र मला पटला. तो म्हणाला, "भावोजी, आईंना काय उडी मारून उचलायचंय? वजन उचलायचं तर वजनच उचला." त्याची व्यायामशाळा एका तळघरात आहे. तिथे कुणी ओरडत नाही, लोक दोन उचलींच्या मध्ये भिंतीकडे बघत स्वस्थ बसतात, आणि घाई केली तर उलट रागावतात. मला ती जागा एकदम आवडली. एकच दिवस वाईट गेला. बाकावर उताणा झोपून दांडी वर ढकलत होतो, ती छातीवर आली आणि तिथेच राहिली. पाठीशी उभा राहणारा मेहुणा नेमका फोनवर बोलायला बाहेर गेलेला. तोंडातून आवाज निघेना, म्हणून मी डोळे मिटून नाव घेत पडलो. शेजारी एक दणकट गृहस्थ आले, थोडा वेळ आदराने थांबले आणि विचारते झाले, "तुमचं अजून बराच वेळ चालेल का?"

पण पाय खरोखर भरले. दवाखान्याच्या कागदावर आईचे वजन होते. हळूहळू दांडीला लोखंडी चकत्या वाढवत मी बरोबर तेवढ्यावर आलो, आणि गेल्या शुक्रवारी ते जमिनीवरून कमरेपर्यंत उचलून उभा राहिलो. अख्ख्या तळघराने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या पाठीखाली हात घातला, श्वास घेतला, आणि आई वीतभर वर येऊन परत गादीवर.

आता, माझी नोकरी वजनकाटे तपासण्याची. माणूस खोटे बोलेल, काटाही बोलेल, पण माझ्या हातून तो सुटायचा नाही, अशी माझी समजूत. सोमवारी मी कचेरीतला तपासणीचा काटा घेऊन तळघरात उतरलो आणि सगळ्यांसमोर एकेक चकती तोलली. सगळ्या बिनचूक निघाल्या. एक तर उलट जरा जास्तच होती. मालकाने मला चहा विचारला नाही, आणि मेहुणा तेव्हापासून माझ्याशी आपल्या बहिणीमार्फत बोलतो.

मंगळवारी सकाळी मी पलंगाजवळ नुसता उभा होतो. मनात हिशेब एकच, की लोखंड तेवढेच, आई तेवढीच, मग चुकते कुठे? (लोखंड गळ्याला मिठी मारत नाही, 'सांभाळ, सांभाळ' म्हणत नाही आणि उचलताना अंग आखडून घेत नाही, हे मला नंतर सुचले.) तेवढ्यात ही ओले हात पुसत आली आणि म्हणाली, "सरका जरा." आईला कडेला बसती केली, तिच्या पावलांना आपले पाऊल टेकवले, कमरेला धरले, आईने पुढे झोक दिला, आणि दादा, आई उभी राहिली! दोघी जागच्या जागी वळल्या आणि आई खुर्चीत. हिला धापसुद्धा लागली नाही. मी विचारले, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, "रोज दुपारी त्यांना कोण उठवतं असं वाटतं तुम्हाला?" मला काही वाटतच नव्हते. दुपारी मी कचेरीत असतो. आईला म्हणालो, मग मला का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "तुला उचलण्यात किती समाधान! म्हटलं, होऊ दे. पण खरं सांगू? ती मला उभी करते. तू मला पार्सलासारखा नेतोस."

त्यावर मी दिवसभर विचार केला. दोन्ही गुरूंचे उपकार मी मानतो. उड्यांनी दम दिला, पण त्यात पाय मुरगळायचा धोका आणि देवाचे नाव घ्यायला सवड नाही. लोखंडाने पाय दिले, पण त्यात एकटे अडकण्याचा धोका आणि मनात शक्तीचा नको तेवढा गर्व. आता मी हिच्या हाताखाली शिकतो आहे. आईला आम्ही रोज धरून उठबस करायला लावतो. तिची नात समोर घड्याळ घेऊन उभी राहते. आई वीस सेकंद उठते आणि चाळीस सेकंद विश्रांती घेते, आणि हा उलटा नियम तिचा तिनेच केला आहे.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा

ता. क. काल कंबर धरली. उड्यांनी नाही, लोखंडानेही नाही. बाथरूममध्ये पडलेला साबण घ्यायला वाकलो होतो. डॉक्टरांनी काही दिवस काहीही उचलायचे नाही म्हणून सांगितले आहे. त्यामुळे ही एकटी पडली आहे. दादा, तुम्ही आठवडाभर इकडे याल का? आठ दिवसांत तंत्र येते, ही शिकवेल. जिने तीन आहेत, बूट नाड्यांचे आणा.

ता. क. दुसरा. आईला विचारले, तुला लिफ्टच्या घरी जायचे का? ती म्हणाली, लिफ्टशी काय बोलणार, दादालाच बोलाव इकडे.

ता. क. तिसरा. हे तुम्हाला फोनवर सांगायचे म्हणून मी या आठवड्यात रोज फोन हातात घेतला आणि रोज हवापाण्याचे बोलून ठेवला. आज सकाळी तुमची गाडी आली. ड्रायव्हर वर येऊन, सामान कुठे आहे, विचारू लागला, आणि माझ्या तोंडून 'नाही' निघाले. आयुष्यातले पहिले 'नाही' तुमच्याऐवजी त्या बिचाऱ्याने ऐकले, त्याची माफी मागून त्याला जेवू घातले आहे. तो जेवतो आहे तोवर एवढे शेवटचे लिहून हे पत्र त्याच्याच हाती देत आहे. तेव्हा आईला उतरवून घ्यायला खाली आला असाल तर गाडीत वाकून पाहू नका. ती मी रिकामी पाठवली आहे.