मोठ्या बाईंची झोप

ता. ४ मार्च

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझी आजी पहिली आली. काय समजलीस! जन्मात तिसरीच्या पुढे सरकले नाही, आणि आता अडुसष्टाव्या वर्षी पहिला नंबर. मला न विचारता त्या आरोग्य केंद्रात माझं नाव तूच घातलंस, तेव्हा या पापाची अर्धी वाटेकरीण तूच.

केंद्र म्हणजे एकाच छपराखाली सगळं. खाली गोळ्या देणारी डॉक्टरीण, तिच्या शेजारच्या खोलीत मालीशवाली, जिन्याखाली काय खावं ते सांगणारी बाई, मागे औषधी झाडांच्या कुंड्या आणि वर मोठ्या हॉलमध्ये श्वासवाले सर. डॉक्टरीण तुझ्याहून फार तर सहा वर्षांनी मोठी. केसांत पेन्सिल खोचते आणि मग पेन्सिल कुठे गेली म्हणून अख्खं केंद्र धुंडाळते. मी गेले गुडघा दाखवायला, तर ही विचारत बसली की झोप कशी लागते, घरी कोण कोण असतं, पोट धरून शेवटचं कधी हसलात. मी तिला सांगितलं की बाई, गुडघा तेवढा बघ, मला काही सोयरीक जमवायची नाही. त्यावर ती म्हणाली की गुडघा एकटा येत नाही, अख्खं माणूस बरोबर घेऊन येतो.

मग मिळाली वही. रोज कुठून कुठे चाललो ते लिहायचं, अंतर डॉक्टरीण काढते. बाकीच्या बायांचं अर्धा किलोमीटर, पाऊण किलोमीटर. माझं घरापासून जुन्या शाळेपर्यंत आणि परत, म्हणजे रोज चार! डॉक्टरणीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. मी लाजून चपला उलट्या घातल्या.

श्वासाच्या तासाची तर गंमतच. सर सांगतात, डोळे मिटा, पायाचा अंगठा सैल सोडा, मग घोटा, मग पोटरी. मी अजून गुडघ्यापर्यंत कधी पोचलेच नाही. घोट्यालाच गाडी बंद. शेवटी सर घंटा वाजवतात तेव्हा उठते. शेजारच्या सतरंजीवर शिंपीणकाकू असते. ती सांगते, मी अशी घोरते की खिडकीच्या काचा साथ देतात. पण सर खूश! एवढी मनाची शांती त्यांनी बारा वर्षांत कुणाची पाहिली नाही म्हणे.

आजोबा ठीक. जेवतात वेळेवर. आता थांबते, दूध उतू जाईल. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पहिली आलेली आजी

ता. १२ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वसतिगृहात मोठ्याने वाचून दाखवलं. आता माझ्या सगळ्या मैत्रिणींना तुझं घोरणं ऐकायचं आहे. माझं विचारशील तर नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आले तरी प्रगती बेताचीच. काल सरावासाठी मैत्रिणीच्या मनगटाला पट्टी बांधली, तर बिचारीला रात्रीच्या जेवणापर्यंत चमचा धरता येईना. तुझा पहिला नंबर, माझा शेवटून पहिला.

पण आजी, गुडघा दुखत असताना रोज चार किलोमीटर? आणि जुन्या शाळेकडे कशाला? ती पाडून तिथे गाड्यांचा तळ झाला, त्याला पाच वर्षं होऊन गेली. तिथे ना भाजी मिळते, ना तुझी कुणी मैत्रीण राहते.

दुसरं म्हणजे, या वेळी पत्राच्या तळाशी आजोबांच्या ओळी नाहीत. शाळेत चौतीस वर्षं घंटा देणारा माणूस, एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, पत्रातसुद्धा वेळ घालायचे. आशीर्वाद, वेळेवर जेव, वेळेवर ऊठ, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं. त्यांचा हात दुखतो का? बाबा रविवारी फोन करतात तेव्हाही ते म्हणे नेमके अंघोळीला गेलेले असतात. एवढे स्वच्छ कधीपासून झाले?

कळावे, आणि सगळं कळावे. माझ्यावरची माया होती तिथेच असू दे.

तुझी,
खारूताई

ता. १९ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद आणि एक चापटी.

तू नर्स होतेयस की फौजदार? म्हाताऱ्या माणसाने चाललं तरी चौकशी, नाही चाललं तरी चौकशी.

इकडची बातमी ऐक. सरांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं आणि मन शांत कसं करायचं ते सांगायला लावलं. मला! मी सांगून टाकलं की कशाचा म्हणून विचार करायचा नाही, जमिनीला पाठ टेकली की आपण संपलो. तर अठरा जणांनी ते वहीत उतरवून घेतलं! बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊ आहेत, त्यांनी खाली दोनदा रेघ मारली. मी अशा तोऱ्यात जिना उतरले की शेवटची पायरी राहिलीच, आणि मालीशवालीला काम मिळालं. तिचा हात म्हणजे लोणी. माझा खांदा चोळता चोळता तिने तिच्या सासूचं सगळं सांगितलं. तिची सासू निदान माझ्यासारखी भाषणं तरी देत नाही.

चालण्याचं म्हणशील तर पहाटेची हवा चांगली असते. चार-साडेचारला रस्ता मोकळा असतो, कुणी धक्का मारत नाही. एवढंच. तुझं पत्र आजोबांना दाखवलं, फार आनंद झाला त्यांना. खाली लिहिलंय बघ. आणि तुझ्या बाबाला यातलं काही कळवू नकोस. उगाच त्याचं अकराव्या मजल्याचं पुराण सुरू होईल.

मायेत खंड नको.

तुझी आजी

आशीर्वाद. आम्ही मजेत आहोत. अभ्यास कर. — आजोबा

ता. २६ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, आजोबांची अक्षरं प्रार्थनेच्या रांगेत उभी असतात, हात खाली, नजर समोर. तळाच्या त्या ओळीतली अक्षरं मधली सुट्टी झाल्यासारखी धावत होती. आणि वेळही घातलेली नव्हती.

पहाटे चारला फिरायला तू जात नाहीस. आजोबा शाळेत जायला निघतात आणि तू मागून जातेस. हो ना? म्हणून चार किलोमीटर, आणि म्हणूनच घोट्याशी डोळा लागतो. कसली मनाची शांती! जागून जागून तू मोडून गेली आहेस. आणि मी शहाणी, माणूस अख्खं बघायचं असं इथे दोन वर्षं शिकतेय, आणि माझ्याच आजीचा गुडघा तेवढा पाहिला. तुझ्या घोरण्यावर वसतिगृहाला हसवलं.

तुला कशाची भीती वाटते ते मला माहीत आहे. बाबा म्हणालेच आहेत, दोघांपैकी कुणाला काही झालं की घराला कुलूप लावून तुम्हाला अकराव्या मजल्यावर नेणार. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. पण आठ दिवसांत त्या पेन्सिलवाल्या डॉक्टरणीला सगळं सांग. नाहीतर परीक्षा सोडून मी तिथे येईन.

एक राहिलं. तू केंद्रात असतेस तो तासभर आजोबा कुठे असतात?

तुझीच,
खारूताई

ता. ३ एप्रिल

चि. खारूताईस आशीर्वाद. चापटी परत घेतली.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहिते, नाहीतर मी पुन्हा मालीशवालीच्या सासूकडे वळेन. तो तासभर मी दाराला बाहेरून कडी लावून जायचे. ज्या माणसाने जन्मभर शाळा सुटल्याची घंटा दिली त्याला कोंडून मी वर मनःशांतीवर भाषण देत होते. अशी ही तुझी पहिली आलेली.

गुरुवारी ठरवूनच गेले की डॉक्टरणीला सांगायचं. पण आधी तास, मग सांगणं. घोट्याशी पोचले आणि गेले. एकदम टोले! सरांची ती हलकी टिंग नव्हे, शाळेचे टोले, भिंतीतून घुमणारे. डोळे उघडते तर हॉलच्या मधोमध आजोबा. अंगात गणवेशाचा जुना कोट, सगळी बटणं लावलेली, हातात सरांची घंटा. घराला मागचं दारही आहे हे मी विसरले होते, ते विसरले नव्हते!

अठरा म्हातारे दचकून उठले. बँकवाले भाऊ तर शाळा सुटल्यासारखी सतरंजी गुंडाळायला लागले. आजोबांनी सरांना खडसावलं की मुलं वर्गात झोपतात आणि तुम्ही बघत बसता? मग माझ्यापाशी आले, मान लववून मला मोठ्या बाई म्हणाले आणि शाळा सोडू का म्हणून विचारलं.

खारे, हे फक्त तुला सांगते. तीन महिने झाले, ते मला मोठ्या बाई म्हणतात. मुख्याध्यापिका गं! पहिल्या दिवशी रडले. दुसऱ्या दिवशी, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं. तिसरी नापास बाईला एवढा मान कोण देतं? मी हुकूमही सोडायला लागले, आज शाळेला सुट्टी म्हणून. तासभर ऐकतात, मग पुन्हा कोट घालतात.

हॉलमध्ये त्यांना म्हटलं, सोडा शाळा. आणि तिथेच सतरंजीवर बसून, चपटलेल्या केसांनी, सगळ्यांपुढे सगळं सांगून टाकलं. कडीचंसुद्धा. माझी शांती म्हणजे साधी झोप आहे हेही सांगितलं. वाटलं, आता नंबर काढून घेतील. सर माझ्याजवळ खाली बसले. शिंपीणकाकू म्हणाली की तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, एवढं दमल्याशिवाय कुणी तसं घोरत नाही, म्हणून तर तिने मला कधी ढोसलं नाही.

डॉक्टरणीने आजोबांना तासभर तपासलं, पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. माझ्यावर रागावली नाही. कडी मात्र आजच उचकटून टाका म्हणाली, तिच्या जागी आपण माणसं लावू. तुझ्या बाबाला मीच फोन केला. रविवारी येतोय. बोलताना तीनदा अकरावा मजला म्हणाला. मी घाबरले आहे गं. त्या उंचीवर पहाटे कोट घालून हे कुठे निघतील? इथे निदान पायांना रस्ता ठाऊक आहे.

तुझी माया आता औषधासारखी लागणार, वेळेवर धाडत जा.

तुझी आजी

ता. ६ मे

चि. खारूताईस आशीर्वाद. तू परीक्षेत गुंतलीस म्हणून मुद्दाम आता लिहिते.

तुझा बाबा चार दिवस राहिला. आला तो खोकी घेऊनच, भांडी बांधायला. दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा निघाले तेव्हा मला झोपायला सांगून तो स्वतः मागून गेला. पाहतो तर गाड्यांच्या तळापाशी आठ माणसं रांगेत उभी. केंद्राने पहाटेचा चालण्याचा गट काढला आहे ना! पाळ्या लावल्या आहेत, दोघं आमच्या दारापासून आजोबांबरोबर निघतात, बाकीचे तिथे भेटतात. आजोबा रांग सरळ करतात, उशिरा येणाऱ्याला बाजूला उभं करतात. तुझा बाबा दोन मिनिटं मागे पडला होता. झालं! एवढ्या मोठ्या ऑफिसातला साहेब, पाच मिनिटं हात खाली, नजर समोर. बँकवाले भाऊ सांगताना अजून डोळे पुसतात.

परत आला तेव्हा अकराव्या मजल्याचं काही बोलला नाही. चहा घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाला की सहा महिने बघू. मग पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दारांना छोट्या घंटा लावून गेला. खोकी इथेच आहेत. मी त्यांत केंद्राच्या कुंड्यांसाठी रोपं करते आहे.

डॉक्टरणीने मला स्पष्ट सांगितलंय की हे मागे फिरणारं दुखणं नाही. गोळ्यांनी पाऊल हळू पडेल, एवढंच. ते मी ऐकलंय, गोष्टीत उडवून लावत नाही. पण मी आता साडेसहापर्यंत झोपते. मला चालायची बंदी आहे, त्यामुळे वहीत माझा नंबर एकोणिसावा आला. एकोणीस जणांत.

श्वासाच्या तासाची घंटा आता आजोबांकडे. सरांनी खुर्ची दिली, समोर घड्याळ ठेवलं. पण जन्मभर मिनिट न चुकवलेला माणूस रोज पंधरा-वीस मिनिटं उशीर करतो गं. घड्याळ समोर असून विसरतात बिचारे. सर म्हणतात, राहू दे, सगळ्यांचं ब्लडप्रेशर उतरलंय. तशी माझीही प्रगती आहे. काल पोटरीपर्यंत जागी होते.

हे हॉलमध्येच लिहितेय. सर आले, आडवं व्हायला सांगतायत. कागद आजोबांच्या मांडीवर ठेवते, उरलेलं तास झाल्यावर

आशीर्वाद. मोठ्या बाई दमल्या आहेत, झोपल्या आहेत. तास संपून बावीस मिनिटं झाली. घंटा दिलेली नाही. उठल्यावर देईन. सकाळी दहा वाजून बावीस मिनिटं. — आजोबा